आयसीयूत ॲसिनेटोबॅक्टर निघाला तर काय करायचं: फडक्यापासून कॉलिस्टिनपर्यंत

ईटी ट्यूबमधून (श्वासनलिकेत घातलेल्या व्हेंटिलेटरच्या नळीतून) पाठवलेल्या स्रावाचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा निकाल, येतो. वर नाव ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी, खाली औषधांची यादी आणि जवळपास प्रत्येक औषधासमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा. लगेच फोन जातो तो कोणतं अँटिबायोटिक लावायचं हे विचारायला. रुग्ण शॉकमध्ये असेल तर तो फोन आधी करायलाच हवा. पण रुग्ण स्थिर असेल तर पहिला तास बेडभोवती घालवा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस गेलेले असतात आणि तेवढ्यात हा जंतू शेजारच्या बेडच्या रेलिंगवर पोचलेला असू शकतो.

जंतूचा स्वभाव

ॲसिनेटोबॅक्टरचे बरेच भाऊबंद माती-पाण्यात राहतात. बाउमानीचं मुख्य ठाणं मात्र रुग्णालय, आणि त्यातही आयसीयू. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. व्हेंटिलेटरवर असलेला, भाजलेला, मोठी शस्त्रक्रिया झालेला, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि युरिन कॅथेटर दोन्ही असलेला, आधीच दोन आठवडे जहाल अँटिबायोटिकं घेतलेला रुग्ण मिळाला की त्याचं फावतं. फुप्फुसं, रक्त, लघवी, जखम आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेन ठेवलेला असेल तर मेंदूची आवरणं, अशा सगळ्या ठिकाणी तो शिरतो.

‘ॲसिनेटो’ म्हणजे ग्रीकमध्ये न हलणारा. त्याला पोहण्यासाठी शेपटी नाही. एका बेडवरून दुसऱ्या बेडवर तो जातो तो आपल्या हातांनी, आपल्या गाऊनच्या बाहीने आणि आपण ढकलत नेलेल्या अल्ट्रासाउंड मशीनने.

त्याची खरी ताकद कोरडेपणा सोसण्यात आहे. तो ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅम स्टेन या रंगचाचणीत गुलाबी दिसणाऱ्या, जंतूंपैकी. या गटातल्या बहुतेकांना ओल लागते, म्हणून त्यांच्यातलाच स्यूडोमोनास निघाला की आपण आधी सिंक आणि नळ बघतो. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे रुग्ण घरी गेला, बेड रिकामा झाला, महिना उलटला तरी इन्फ्युजन पंपाच्या बटणाखाली तो असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, तेव्हा कार्बापेनेमला (मेरोपेनेमसारख्या जहाल अँटिबायोटिकांच्या गटाला) न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर सर्वांत गंभीर गटात होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो तिथेच आहे.

पहिल्या तासातलं काम

एकट्याची खोली असेल तर रुग्णाला तिथे हलवा. नसेल तर कोपऱ्यातला बेड द्या, शेजारच्या बेडपासून किमान एक मीटर मोकळं अंतर ठेवा आणि जमिनीवर चिकटपट्टीने सीमा आखा. पट्टीच्या आत पाऊल टाकायचं तर गाऊन आणि ग्लोव्ह्ज घालून, आणि बाहेर पडताना ते आतच काढून. ही रेघ पोरखेळ वाटते, पण राउंडला आलेल्या सात जणांना थांबवायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

रेघेच्या आत या रुग्णाचा स्वतःचा स्टेथोस्कोप, बीपी कफ, थर्मामीटर, टॉर्च, ॲम्बू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) आणि सक्शनचं सामान ठेवा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे सिस्टरला पुन्हा पुन्हा बाहेर जावं लागू नये म्हणून ट्रॉलीवर आठवड्याभराचं सामान भरून ठेवणं. बेड सुटल्यावर हे न वापरलेलं सामान टाकून द्यावं लागतं, कारण वेष्टनाच्या बाहेरच्या बाजूला जंतू असू शकतात. कुणाला ते टाकवत नाही, मग ते गुपचूप स्टोअरमध्ये परत जातं. एका शिफ्टपुरतंच सामान आत न्या.

केस पेपर आणि फाइल रेघेबाहेर. बेडच्या पायथ्याशी फलक लावा आणि संगणकात नावापुढे खूण करा. रुग्णाला सीटीला न्यायचं असेल तर तिथे आधी फोन गेला पाहिजे.

आजार की नुसता मुक्काम

हा जंतू निघाला म्हणजे तोच आजार करतोय असं नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत, त्वचेवर किंवा जखमेच्या पृष्ठभागावर तो नुसता वस्ती करूनही राहतो. अशा वस्तीला औषध दिलं तर वस्ती जात नाही, मात्र उरलंसुरलं औषधही निकामी होतं आणि कॉलिस्टिन (बाकी औषधं चालेनाशी झाल्यावर वापरायचं, पॉलिमिक्सिन गटातलं अँटिबायोटिक) असेल तर किडनीवर घाव बसतो.

म्हणून रिपोर्टपेक्षा आधी रुग्णाकडे बघा. ऑक्सिजनची गरज वाढली का, एक्स-रेवर नवी सावली आहे का, ताप, पांढऱ्या पेशी, स्रावाचं प्रमाण आणि रंग बदलला का. नंतर नमुना कसा होता ते तपासा. ग्रॅम स्टेनमध्ये कमी भिंगाखाली एका क्षेत्रात १० पेक्षा जास्त चपट्या पेशी दिसत असतील तर ती थुंकी आहे, नमुना परत घ्या. संख्येने मोजणी होत असेल तर ईटी स्रावात प्रति मिलिलिटर १ लाख आणि ब्रॉन्कोस्कोपीतून धुऊन घेतलेल्या नमुन्यात १० हजार, हे नेहमी वापरले जाणारे उंबरठे आहेत. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वाटेत आकडा फुगतो.

लघवीचा नमुना कॅथेटरच्या सॅम्पलिंग पोर्टमधून, पोर्ट पुसून, निर्जंतुक सिरिंजने. पिशवीतून कधीच नाही, कारण पिशवीत साठलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. रक्ताचे दोन संच, प्रौढात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. सेंट्रल लाइनचा संशय असेल तर एक संच लाइनमधून आणि एक शिरेतून, एकाच वेळी. लाइनची बाटली शिरेच्या बाटलीपेक्षा १२० मिनिटं किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली तर लाइनच गुन्हेगार समजा. जखमेवरून नुसता वरवरचा स्वॅब घेऊ नका. जखम सलाइनने धुऊन आतल्या ऊतीचा तुकडा पाठवा.

लॅबमध्ये काय चुकतं

ग्रॅम स्टेनमध्ये हा जंतू आखूड, जाडसर आणि जोडीने दिसतो. रंग उतरवण्याच्या पायरीत तो क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग धरून ठेवतो, त्यामुळे कधीकधी ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय’ (जांभळे, गोल जंतू) असा पहिला फोन येतो, त्यांच्यावरचं व्हँकोमायसिन सुरू होतं आणि दोन दिवस वाया जातात. ऑक्सिडेज निगेटिव्ह, कॅटलेज पॉझिटिव्ह, मॅकॉन्की या वाढीच्या माध्यमावर लॅक्टोज न आंबवणाऱ्या फिकट वसाहती, ४४ अंश सेल्सिअसला वाढ, ही ओळख. स्वयंचलित यंत्रं बऱ्याचदा ‘कॅल्कोॲसेटिकस–बाउमानी कॉम्प्लेक्स’ एवढंच सांगतात. उपचार आणि आयसोलेशन ठरवायला ते पुरेसं आहे.

अँपिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, अझ्ट्रिओनाम, अर्टापेनेम, फॉस्फोमायसिन आणि ट्रायमेथोप्रिम यांना हा जंतू जन्मतःच दाद देत नाही. ती यादीत ‘आर’ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते मेरोपेनेम, इमिपेनेम, सल्बॅक्टम, मिनोसायक्लिन आणि ॲमिकासिनकडे. कॉलिस्टिनची चाचणी डिस्कने किंवा पट्टीने केलेली असेल तर तो निकाल धरू नका. औषध जेलीत नीट पसरत नाही आणि प्रतिरोधक जंतूही औषधाला दाद देणारा वाटतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घालून केलेली चाचणी) हवं. कार्बापेनेम निकामी करणारं विकर (एन्झाइम) शोधायची एमसिम चाचणीही या जंतूसाठी प्रमाणित नाही. ॲसिनेटोबॅक्टरमध्ये हे काम मुख्यतः ऑक्सा गटातली विकरं करतात, विशेषतः ऑक्सा-२३. ऑक्सा-५१ मात्र बाउमानीत मुळातच असतं, त्यामुळे नुसतं ते सापडलं म्हणजे प्रतिरोध सिद्ध झाला असं होत नाही.

हात आणि ग्लोव्ह्ज

अल्कोहोल हँड रबने हा जंतू मरतो. हात मात्र पूर्ण भिजले पाहिजेत आणि २० ते ३० सेकंद चोळून आपोआप कोरडे झाले पाहिजेत. दहा सेकंदांत कोरडे होत असतील तर रब कमी घेतलाय. अंगठा, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा सुटतात, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून केली तर चांगलं. हात उघड मळले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. अंगठी, घड्याळ, कृत्रिम नखं या कामात चालत नाहीत.

खरा गोंधळ ग्लोव्ह्जमुळे होतो. सिस्टर ग्लोव्ह्ज घालून सक्शन करते, त्याच ग्लोव्ह्जने व्हेंटिलेटरचा अलार्म बंद करते, पंपाचा दर बदलते, फोन उचलते. तिचे हात स्वच्छ राहतात, आजूबाजूचं सगळं बरबटतं. एकाच रुग्णातही सक्शन किंवा मळाच्या कामानंतर आणि सेंट्रल लाइनला हात लावण्याआधी ग्लोव्ह्ज बदलायचे आणि मध्ये हात चोळायचे. ग्लोव्ह्जवरूनच रब लावणं हा शॉर्टकट धरू नका. ग्लोव्ह्ज काढल्यावरही रब हवाच, कारण काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागते आणि ग्लोव्ह्जला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात.

द्रावण बनवताना

या भागात घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. फरशी आणि धातू नसलेल्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्के, म्हणजे १००० पीपीएम सोडियम हायपोक्लोराइट घ्या. कॅनवर लिहिलेल्या टक्केवारीला हव्या असलेल्या टक्केवारीने भागा आणि एक वजा करा. एक भाग हायपोला तेवढे भाग पाणी. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा एक, ४९ भाग पाणी. दहा लिटरच्या बादलीत २०० मिलिलिटर हायपो आणि ९.८ लिटर पाणी. कॅन ४ टक्क्यांचा असेल तर त्याच बादलीत २५० मिलिलिटर हायपो. रक्त सांडलं असेल तर आधी कागदाने टिपून घ्या आणि मग ०.५ टक्के वापरा, म्हणजे ५ टक्क्यांच्या कॅनमधून एक भाग हायपोला नऊ भाग पाणी.

हे अंदाजे ‘दोन झाकणं’ टाकून करू नका. मापाचा जार बादलीशेजारी साखळीने बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात तो नाहीसा होतो. पाणी गार असावं. द्रावण रोज ताजं, बादलीवर तारीख आणि वेळ, उरलेलं दिवसाअखेर ओतून द्यायचं. उन्हात ठेवलेला किंवा उघडा राहिलेला कॅन महिन्याभरात कमजोर होतो, मग हिशोब बरोबर असूनही द्रावण पातळच राहतं. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, नवा कॅन उघडला की एकदा तपासा. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये हायपो मिसळला तर विषारी वायू निघतो. हे बादलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं पाहिजे.

मळ असेल तर हायपो मळातच संपतो. म्हणून आधी डिटर्जंट आणि पाणी, मग हायपो. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहील असं लावा, नंतर स्टीलला लागलं असेल तिथे साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर गंज चढतो. व्हेंटिलेटर आणि मॉनिटरच्या स्क्रीनला हायपो लावू नका, काच धुरकट होते आणि बटणांचं आवरण तडकतं. तिथे उत्पादकाने परवानगी दिलेलं असेल तर ७० टक्के अल्कोहोल. अल्कोहोल काही सेकंदांत उडून जातं, त्यामुळे मिनिटभर ओलं राहावं म्हणून एकाच जागी दोनदा पुसायला लागतं. स्प्रे मारणं किंवा फॉगिंग करणं हा पुसण्याला पर्याय नाही. थेंब सगळीकडे पोचत नाहीत आणि माणसांच्या फुप्फुसात मात्र जातात.

एक बेड पुसताना

मायक्रोफायबरचं एक फडकं दोनदा घडी करा. आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की उलटा, आठही संपल्या की फडकं धुवायच्या पिशवीत. वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. हा एक नियम मोडला की बादलीच जंतूचं दुकान बनते आणि आपण पुढच्या सहा बेडना तोच लेप लावत जातो. त्यामुळे पाच-सहा फडकी आधीच भिजवून, पिळून स्वच्छ डब्यात घेऊन जाणं सगळ्यात सोपं.

क्रम वरून खाली आणि स्वच्छाकडून मळक्याकडे. मॉनिटरच्या स्क्रीनपासून सुरू करा. नंतर त्याची बटणं, ईसीजीच्या वायरी पूर्ण लांबीभर, सॅचुरेशनच्या प्रोबची आतली बाजू. मग व्हेंटिलेटरचा स्क्रीन, गोल नॉब, सर्किट (रुग्णापर्यंत जाणाऱ्या नळ्या) धरणारा आर्म. इन्फ्युजन पंपांच्या बटणांच्या फटी, सलाइन स्टँडची पकडायची उंची, सक्शन रेग्युलेटरचा नॉब, भिंतीवरचे ऑक्सिजनचे आउटलेट. पुढे बेडचे रेलिंग, आणि रेलिंगची खालची बाजू, जिथे आपण ते उचलायला बोटं घालतो. बेड वर-खाली करायचा रिमोट आणि त्याची वायर. लॉकरचं हँडल. शेवटी बेडची चौकट आणि चाकं. फरशी सगळ्यात शेवटी, वेगळ्या मॉपने. आयसोलेशनमधल्या बेडसाठी हे दिवसातून किमान दोनदा.

गादीचं कव्हर हाताने चाचपून बघा. शिवणीजवळ चीर असेल किंवा आतल्या बाजूला डाग दिसत असेल तर ती गादी बाद. पुसून काही होत नाही, स्राव आत फोमपर्यंत गेलेला असतो.

सगळ्यात जास्त सुटतं ते यंत्रांवरचं, आणि त्याचं कारण आळस नसतो. सफाई कर्मचाऱ्याला वाटतं पंपाला हात लावला तर दर बदलेल, ते काम सिस्टरचं. सिस्टरला वाटतं पुसणं सफाईचं काम. मधल्या मध्ये पंप महिनोन्‌महिने तसाच. भिंतीवर एक तक्ता लावा आणि प्रत्येक वस्तूपुढे कोण पुसणार ते लिहा. कोणाच्या नावाने राहिलंय ते त्या दिवशीच कळतं.

काम झालं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक फ्लूरोसंट जेलचे छोटे ठिपके दहा-बारा ठिकाणी लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अतिनील टॉर्चने बघा. ठिपका दिसला तर ती जागा पुसली गेली नाही. टॉर्च कर्मचाऱ्यांच्या हातात द्या, त्यांनाच शोधू द्या. शिक्षेसाठी वापरलं तर पुढच्या वेळी ठिपकेच शोधून पुसले जातात.

व्हेंटिलेटर आणि नळ्या

सर्किटमध्ये साठणारं पाणी म्हणजे जंतूंचा काढा. कुशीवर वळवण्याआधी ते ट्रॅपमध्ये काढा, रुग्णाच्या दिशेने कधीच ओघळू देऊ नका, आणि जमिनीवर ओतू नका. सर्किट ठरावीक दिवसांनी बदलायची गरज नाही. मळलं किंवा बिघडलं तरच बदला, कारण दर वेळी उघडताना स्राव उडतात. ह्युमिडिफायरमध्ये फक्त निर्जंतुक पाणी. नेब्युलायझरचा कप प्रत्येक वेळी निर्जंतुक पाण्याने धुऊन वाळवायचा. औषधाची बहुडोसी बाटली अनेक रुग्णांसाठी वापरायची नाही.

बेडचं डोकं ३० ते ४५ अंशांवर, ईटी ट्यूबच्या कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, शिफ्टमध्ये एकदा मॅनोमीटरने मोजलेला. रोज ब्रशने दात घासा. गुंगीचं औषध रोज थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघा, कारण नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. सक्शन १५ सेकंदांच्या आत संपवा आणि शक्य असेल तिथे बंद प्रकारचं सक्शन वापरा. उघड्या सक्शनने हवेत उडालेले थेंब मीटरभरातल्या सगळ्या वस्तूंवर बसतात.

पुन्हा वापरायच्या वस्तूंमध्ये तापमान मोजायचा प्रोब, फ्लो सेन्सर आणि एक्स्पिरेटरी व्हॉल्व्ह यांच्याकडे लक्ष द्या. नुसतं पुसून ते दुसऱ्या रुग्णाला लावले जातात आणि मग कारण सापडत नाही. ते सुटे करून डिटर्जंटने धुवा, मग उत्पादक सांगेल तसं वाफेने निर्जंतुक करा किंवा ०.५५ टक्के ऑर्थोप्थॅल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात १२ मिनिटं पूर्ण बुडवा, निर्जंतुक पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. वाळवणं वगळलं तर आधीची मेहनत गेली.

सेंट्रल लाइनचा हब (नळीचं बाहेरचं तोंड) उघडण्याआधी अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉझचं दोन दिवसांनी, सुटलं किंवा ओलं झालं तर लगेच. रोजच्या राउंडला एकच प्रश्न, ही लाइन आणि हा कॅथेटर आज का हवा आहे. उत्तर मिळालं नाही तर काढा. दोन महिन्यांवरील वयाच्या आयसीयू रुग्णांना २ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या वाइप्सने अंग पुसता येतं. चेहरा आणि श्लेष्मल त्वचा वगळायची, आणि पुसल्यावर धुवायचं नाही.

आला कुठून ते शोधताना

दोन रुग्णांत निघाला की यादी करायला बसा. एका ओळीत एक रुग्ण. दाखल तारीख, कुठून आला, बेड क्रमांक आणि बेड बदलले असतील तर त्यांच्या तारखा, पहिला पॉझिटिव्ह नमुना, व्हेंटिलेटर क्रमांक, ब्रॉन्कोस्कोपी, अल्ट्रासाउंड, पोर्टेबल एक्स-रे, फिजिओथेरपी, ड्रेसिंग. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत निघाला तर बहुधा तो बाहेरून आणलेला आहे. लागून असलेल्या बेडमध्ये निघाला तर हात आणि जवळच्या वस्तू बघा. विखुरलेल्या बेडमध्ये निघाला तर सगळ्यांना लागलेलं एखादं यंत्र शोधा. पोर्टेबल एक्स-रेची कॅसेट प्रत्येकाच्या पाठीखाली जाते आणि तिला स्वच्छ करायचं कुणाच्या यादीत नसतं. दर रुग्णाला नवं प्लास्टिकचं कव्हर, आणि कव्हर काढल्यावर पुसणं. उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने जखम धुण्याच्या उपकरणामुळे २००३ साली एका रुग्णालयात उद्रेक झाला होता. तिथे उडालेल्या तुषारांनी जंतू खोलीभर पसरवला होता.

तपासणी स्वॅब एकाच जागेवरून घेतला तर हा जंतू सहज निसटतो. ईटी स्राव, काख आणि जांघ, गुदद्वार आणि असेल तर जखम, असे एकत्र घ्या. दुसऱ्या आयसीयूतून आलेल्या प्रत्येकाचे आल्या दिवशी, आणि उद्रेक चालू असेपर्यंत सगळ्यांचे आठवड्यातून एकदा. वस्तूंचे नमुने रोजच्या कामात घ्यायची गरज नाही. उद्रेकात घेताना निर्जंतुक स्पंज न्यूट्रलायझर घालून ओला करा (क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट) आणि लॅबला आधी ब्रॉथमध्ये वाढवायला सांगा. कोरडा कापसाचा स्वॅब आणि साधी प्लेट वापरली तर ‘वाढ नाही’ असा खोटा दिलासा मिळतो.

औषध

आजार नक्की झाला की संसर्गरोग तज्ज्ञ आणि फार्मासिस्ट यांच्याबरोबर बसूनच ठरवा. इथे फक्त दिशा. कार्बापेनेमला प्रतिरोध असेल तर सल्बॅक्टमवर आधारलेला उपचार आधी बघितला जातो. सल्बॅक्टम-ड्युर्लोबॅक्टम मिळत असेल तर प्रत्येकी १ ग्रॅम दर ६ तासांनी, ३ तासांत थेंबाथेंबाने, सोबत इमिपेनेम किंवा मेरोपेनेम. हे औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. ते नसेल तर अँपिसिलिन-सल्बॅक्टम मोठ्या डोसमध्ये, ९ ग्रॅम दर ८ तासांनी, ४ तासांत. त्यातून दिवसाला ९ ग्रॅम सल्बॅक्टम जातं. सोबत दुसरं काम करणारं औषध, म्हणजे पॉलिमिक्सिन बी, मिनोसायक्लिन किंवा टायगेसायक्लिन. हे डोस किडनी नीट चालणाऱ्या प्रौढाचे आहेत. टायगेसायक्लिन रक्तात आणि लघवीत फार कमी पोचतं, म्हणून रक्तातल्या किंवा लघवीतल्या संसर्गात त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

कॉलिस्टिनला मेरोपेनेमची जोड द्यायची जुनी सवय सुटता सुटत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत, ज्यात बहुतेकांना हाच जंतू होता, त्या जोडीचा फायदा दिसला नाही. कॉलिस्टिन किंवा दुसरं पॉलिमिक्सिन चालू असताना क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रोज बघा आणि ॲमिकासिनसारखं किडनीला त्रास देणारं दुसरं औषध टाळता येतंय का ते विचारा. नळी, लाइन किंवा पू आतच राहिला तर यातलं कोणतंही औषध पुरं पडत नाही.

बेड सुटल्यावर

आयसोलेशन ‘दोन निगेटिव्ह आले’ म्हणून लवकर उठवू नका. जंतू महिनोन्‌महिने अंगावर राहू शकतो. त्या मुक्कामाच्या शेवटपर्यंत चालू ठेवा आणि डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहा, म्हणजे पुन्हा भरती झाल्यावर पहिल्या मिनिटापासून काळजी घेता येईल. नातेवाइकांना सांगायचं ते एवढंच, की धडधाकट माणसाला धोका नगण्य आहे, हात धुतले की घरी सोबत राहायला, जेवायला हरकत नाही. मात्र घरात कुणाला कॅथेटर किंवा ट्रेकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्यात केलेलं छिद्र) असेल तर त्याची देखभाल वेगळ्या हातांनी व्हावी.

बेड रिकामा झाला की पडदे काढून धुवायला पाठवा, आतलं सगळं एकदा वापरायचं सामान टाका, चादरी न झटकता पिशवीत भरा. वर सांगितल्याप्रमाणे संपूर्ण जागा डिटर्जंटने, मग हायपोने पुसा आणि कोरडी झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीकडून हायपोचा हात पुन्हा फिरवा. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ किंवा अतिनील दिवा असेल तर तो यानंतर. मळावर त्याचा असर होत नाही आणि दिव्याचा प्रकाश सावलीत पोचत नाही. नवा रुग्ण घेण्याआधी रुग्णाला नेलेली ट्रॉली आणि तिच्यावर ठेवलेला ट्रान्सपोर्ट मॉनिटर पुसला का ते विचारा. तो आयसीयूच्या दाराबाहेर चार्जिंगला लावलेला असतो आणि बेडच्या यादीत त्याचं नाव नसतं.